चार वर्षे जग उभारतो आहे, पण कादंबरीचे पहिले प्रकरण काही लिहून होत नाही

कोरी_वही यांचा प्रश्न

मी गेली चार वर्षे एका अद्भुतरम्य कादंबरीची तयारी करीत आहे. तयारी म्हणतो, कारण त्याला लेखन म्हणावे की नाही याचीच आता मला शंका येऊ लागली आहे. माझ्याजवळ तीन मोठे नकाशे आहेत, सात राजघराण्यांच्या वंशावळी आहेत, दोन भाषांची लिपी आणि थोडेफार व्याकरणही आहे. सगळ्या वह्यांची पाने मोजली तर साडेतीनशेच्या वर जातील. कथानकही ढोबळमानाने ठरलेले आहे. या जगात मंत्र उच्चारणाऱ्याची एक आठवण प्रत्येक मंत्रागणिक कायमची पुसली जाते, आणि जिच्या आठवणी संपत आल्या आहेत अशा एका वृद्ध मांत्रिक स्त्रीला, मुलगी ओळखू येते आहे तोवर तिच्यापर्यंत पोहोचायचे आहे.

असे असूनही पहिले प्रकरण मी अकरा वेळा सुरू केले आणि अकराही वेळा तिसऱ्या-चौथ्या पानावर अडलो. दर वेळी घडते ते असे: म्हातारी एखाद्या गावाच्या वेशीवर येते, मला त्या गावाचा इतिहास आठवतो, मी तो सांगू लागतो आणि ती बिचारी वेशीवरच ताटकळत राहते. नोकरी सांभाळून रोज जेमतेम तासभर हाती लागतो, आणि तोही बहुधा नकाशातली एखादी नदी वळवण्यात जातो. जग पुरेसे उभे राहिले हे लेखकाला कशावरून कळते? आणि इतक्या थोड्या वेळात एवढा मोठा पसारा लिहून होणे खरोखर शक्य आहे का?

जुना_खर्डा यांचे उत्तर

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर, ते कधीच कळत नाही, असे आहे आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही. नकाशाला मात्र दोष देऊ नका. लेखिका उर्सुला ले ग्विन यांनी १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ या कादंबरीतल्या बेटांच्या जगाची सुरुवात नकाशा काढूनच केली होती, आणि इंग्रज लेखक टॉल्किन यांनीही नकाशा आधी ठेवून कथा त्यात बसवण्याचा शहाणपणा केला होता.

आपण सारे ज्यांचे नाव घेऊन वंशावळी मांडत बसतो, त्या टॉल्किन यांचेच उदाहरण जरा नीट पाहावे. त्यांच्या जगाच्या पुराणकथा पहिल्या महायुद्धाच्या काळापासून रचल्या जात होत्या. म्हणजे १९३७च्या डिसेंबरात त्यांनी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही मोठी कादंबरी लिहायला घेतली तेव्हा भाषा, वंश आणि युगे यांचा साठा त्यांच्याजवळ वीस वर्षांचा होता. तरीसुद्धा प्रवाशांच्या खानावळीत कोपऱ्यात बसलेला तो अनोळखी भटक्या कोण, हे तो समोर येईपर्यंत त्यांना ठाऊक नव्हते. सुरुवातीच्या खर्ड्यांत तर तो लाकडी जोडे घालणारा एक हॉबिट, म्हणजे त्यांच्या जगातल्या बुटक्या जमातीतला, होता. पुढे राज्याचा वारस ठरलेले पात्र आधी बुटके होते आणि पायांत खडखडणारे जोडे घालत होते, ही गोष्ट मला फार धीर देते. त्याचे राजेपण लिहिता लिहिता सापडले. ते लेखन १९४९पर्यंत चालले आणि पुस्तक १९५४-५५मध्ये तीन भागांत आले.

तेव्हा तुमच्या साडेतीनशे पानांना मी फुकट म्हणणार नाही. ती पाने तुमच्यासाठी आहेत, वाचकासाठी नाहीत, एवढेच. म्हातारीला वेशीतून आत जाऊ द्या. गावाचा इतिहास तिला अडवणाऱ्या पहारेकऱ्याच्या उद्धटपणातून जितका दिसेल तितकाच दिसू द्या.

रेघोट्या यांचे उत्तर

मला वरील उत्तर पटते, पण अडचण पूर्णपणे तिथे आहे असे वाटत नाही. तुम्ही सात घराण्यांचा तपशील ठरवला आहे आणि ज्या एका नियमावर तुमची कादंबरी उभी आहे तो अर्धाच ठरवला आहे. मंत्रागणिक एक आठवण जाते हे समजले, पण कोणती जाते हे कोण ठरवते?

मांत्रिक स्वतः निवडत असेल, तर ही काटकसरीची कथा होईल: बाई आधी निरुपयोगी आठवणी खर्ची घालेल, आणि एक दिवस तिच्याजवळ केवळ मौल्यवान तेवढ्याच उरतील. आठवण आपोआप जात असेल, तर ही जुगाराची कथा होईल. आणि मंत्र जितका मोठा तितकी आठवण प्रिय, असा नियम असेल, तर तुमच्या शेवटच्या प्रकरणात काय घडायला हवे हे आत्ताच दिसू लागते. या तीन नियमांतून तीन वेगळ्या कादंबऱ्या निघतात, आणि तुम्ही अकरा वेळा अडलात त्याचे कारण मला यात दिसते. अद्भुतरम्य कादंबऱ्यांचे लेखक ब्रँडन सँडरसन यांनी जादूविषयी एक नियम मांडला आहे, तो इथे चपखल लागू पडतो. जादूने संकट सोडवायचे असेल, तर ती कशी चालते हे वाचकाला आधी तितकेच नीट समजलेले असले पाहिजे.

गाव तूर्त बाजूला ठेवा आणि नदीकाठ घ्या. पूर आलेला आहे, नावाडी पलीकडे न्यायला नकार देतो आहे, आणि म्हातारी एक छोटासा मंत्र म्हणून पाणी घटकाभर थोपवते. पलीकडे उतरल्यावर नावाडी सहज विचारतो, ‘हातातलं गाठोडं कुणासाठी, आजी?’ ती गाठोड्याकडे पाहते. आत लहान मुलीचा झबला आहे, कापड मऊ आहे, टाके तिच्याच हातचे आहेत हे तिला बोटांनी कळते. तो कुणासाठी शिवला होता हे मात्र आठवत नाही. एवढे लिहिलेत की नियम, किंमत आणि प्रवासाचे कारण असे तिन्ही वाचकाच्या हाती येते, आणि एकही राजा मध्ये येत नाही.

रात्रपाळी यांचे उत्तर

मी तुमच्या दुसऱ्या प्रश्नापुरते बोलतो. विनोदी अद्भुतरम्य कादंबऱ्यांचे लेखक टेरी प्रॅचेट नोकरी करीत असताना रात्री चारशे शब्द लिहीत असत. चारशे शब्द म्हणजे वहीची दोन पाने. महिन्याचे बारा हजार, आणि मधून मधून खाडे धरले तरी वर्षभरात एका कादंबरीचा कच्चा खर्डा. तासभर पुरतो, पण त्या तासात नदी वळवायची नाही. मी दोन वह्या वेगळ्या केल्या आहेत: खर्ड्याच्या वहीत लिहिताना जगाविषयी प्रश्न पडला तर समासात फुली मारून पुढे जायचे आणि त्या फुल्या रविवारी दुसऱ्या वहीत सोडवायच्या. गंमत अशी की रविवार येईपर्यंत निम्म्याअधिक फुल्यांचे उत्तर शोधण्याची गरजच उरलेली नसते.

मात्र जगाकडे दुर्लक्ष करून नुसते धावत सुटावे, असेही नाही. माझ्या पहिल्या हस्तलिखितात घोडेस्वाराने नऊ दिवसांची वाट दोन दिवसांत कापली होती, आणि नायिका अमावास्येच्या रात्री लख्ख चांदण्यात शत्रूची छावणी न्याहाळत होती. एका संपादकाने अमावास्येखाली पेन्सिलीने नुसते प्रश्नचिन्ह काढून ते बाड परत पाठवले. तेव्हापासून मी प्रत्येक प्रकरणापुढे तिथी, ऋतू आणि कापलेले अंतर लिहून ठेवतो. टॉल्किन यांनाही चंद्राच्या कलांचा मेळ बसवण्यासाठी लिहिलेले बदलावे लागले होते, हे नंतर वाचले तेव्हा माझी लाज थोडी कमी झाली.

पहिल्या प्रकरणावर इतका जीव अडकवू नका, हेही सांगतो. माझ्या तिन्ही कादंबऱ्यांची पहिली प्रकरणे सर्वांत शेवटी लिहिली गेली आहेत.

कोरी_वही यांचे प्रत्युत्तर

तिघांचेही मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण या वेळी खरोखर लिहीत होतो.

रेघोट्या, तुमचा तिसरा नियम घेतला आणि नदीकाठापासून सुरुवात केली, पण गाठोडे मात्र घेतले नाही, ते तुमचेच राहू दिले. माझी म्हातारी नावाड्याच्या मुलाला एक गाणे शिकवू लागते आणि दुसऱ्या ओळीनंतर थांबते. तो मुलगा तिसरी ओळ आपल्या मनाने जोडतो, ती म्हातारीला खरी वाटते, आणि तीच चुकीची ओळ घेऊन ती पुढे निघते. हे माझ्या कोणत्याही वहीत नव्हते. आता अशी शंका येते आहे की मुलीची भेट होईल तेव्हा तिला मूळ ओळ पाठ असेल.

साडेतीनशे पानांतून आजवर दोनच गोष्टी वापरल्या गेल्या: पुराच्या दिवसांतले नावेचे दर, आणि अंधारात हाक मारण्याचा उत्तरेकडच्या भाषेतला एक शब्द. समासात सध्या सत्तावीस फुल्या आहेत.

रात्रपाळी यांचे उत्तर

सत्तावीस फार नाहीत. फक्त गाणे दिवसा शिकवले की रात्री, तेवढे मात्र आजच टिपून ठेवा.