ऑनलाइन तासाला मुलांशी नातं जुळतं कसं?

प्रश्न: गणितवाली

नमस्कार मंडळी. मी गणित शिकवते, १४ वर्षं झाली. सकाळी वर्गात, आणि गेली ३ वर्षं संध्याकाळी ऑनलाइन बॅच. धडे तेच, उदाहरणं तीच, शिकवणारीही मीच. तरी दोन्हीकडे सारखं शिकवून होत नाही, आणि कारण काय ते शोधताना मी परत परत एकाच जागी येऊन थांबते.

वर्गात मी बाकांमधून फिरत असते. एखादा मुलगा मी जवळ आले की वही हाताने झाकतो. ते झाकणं मला बरंच काही सांगून जातं. आपलं चुकलंय हे त्याला कळलेलं असतं, कुठे ते कळलेलं नसतं. मी तिथे थांबत नाही. पुढे जाऊन येते, परतताना त्याच्या बाकाशी जरा टेकते आणि हळू आवाजात म्हणते, "तिसऱ्या ओळीत कंस सोडवलास ना, तिथली चिन्हं बघ." कंसाबाहेर वजा असेल तर आतल्या प्रत्येक पदाचं चिन्ह बदलतं; त्याने पहिल्याचंच बदललेलं असतं. तो खोडतो, लिहितो. २० सेकंदांत काम झालं, आणि बाकीच्या ४० जणांना त्याचा पत्ताही लागला नाही. पुढच्या वेळी तो वही झाकत नाही. माझ्या लेखी नातं म्हणतात ते हेच. वाढदिवस लक्षात ठेवणं वगैरे नंतरचं.

ऑनलाइन बॅचमध्ये ३४ मुलं आहेत आणि मला एकाचीही वही दिसत नाही. चूक दिसते ती थेट चाचणीत, शिजून झाल्यावर.

आता मुख्य गोष्ट. बॅचमध्ये एक मुलगी आहे. कॅमेरा कधीच चालू नाही, माइकही नाही. पण चॅटमध्ये पहिलं उत्तर हमखास तिचं. पाच महिने असं चाललं. मग तिची उत्तरं थांबली. हजेरीच्या यादीत नाव रोज होतं, म्हणून माझ्या लक्षातच आलं नाही. लक्षात आलं तेव्हा तीन आठवडे उलटले होते. वर्गात असती तर दुसऱ्या दिवशी तिचा चेहरा बघूनच विचारलं असतं. मी मेसेज केला, "सगळं ठीक आहे ना?" उत्तर आलं, "हो मॅडम." त्यावर पुढे काय बोलायचं ते मला सुचलं नाही. हे तीन आठवडे मला फार लागलेत.

तर विचारायचं असं: कॅमेरा सक्तीचा करावा का? आणि जो चेहरा दिसत नाही, जी वही दिसत नाही, त्या मुलाशी ओळख वाढवायची कशी? ज्यांनी खरोखर करून बघितलंय त्यांनी लिहा.

उत्तर १: टपालाने शिकलेला

ताई, दुरून नातं जुळतच नाही असं मात्र मनात धरू नका. मी पदवी टपालाने केली, नोकरीत रात्रपाळ्या करत. माझे स्वाध्याय तपासणाऱ्या सरांना मी आजतागायत पाहिलेलं नाही. दुसऱ्या स्वाध्यायाच्या समासात त्यांनी लिहिलं होतं: "पान ४ पासून अक्षर बदललंय. इथून पुढे दमल्यावर लिहिलंत का? मुद्दा बरोबर आहे, फक्त शेवटचा परिच्छेद ताज्या डोक्याने पुन्हा लिहून पाठवा." मी खरंच पहाटे तीनला लिहिलं होतं. कुणीतरी माझं अक्षर इतकं नीट पाहिलं, या एका गोष्टीवर मी पुढची तीन वर्षं काढली. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

हे आजचंही नाही. १८४० मध्ये इंग्लंडात आयझॅक पिटमन टपालाने लघुलिपी (शॉर्टहँड) शिकवायचे आणि सोडवलेला मजकूर दुरुस्त करून परत पाठवायचे. १८७३ मध्ये बोस्टनला ॲना टिकनॉर यांनी घरी राहून शिकणाऱ्या बायकांसाठी संस्था काढली. तिथे शिक्षिका आणि विद्यार्थिनी यांच्यात नियमित पत्रव्यवहार चाले, सगळं शिक्षण त्या पत्रांवरच. ब्रिटनमधलं मुक्त विद्यापीठ १९६९ मध्ये स्थापन झालं, तिथेही नुसतं दूरचित्रवाणीवर भागवलं नाही. विद्यार्थ्याला त्याचे लिखाण तपासणारा शिक्षक नेमून दिला. मायकल मूर या अभ्यासकाने तर मांडलंय की दूरशिक्षणातलं खरं अंतर मैलांचं नसतं. संवाद किती होतो आणि अभ्यासक्रम किती ताठर आहे, यावर ते वाढतं किंवा घटतं. म्हणजे पहिल्या बाकावरचं मूलही दूर असू शकतं.

तुमची अडचण मला वाटते चेहऱ्याची नाही, वहीची आहे. तुम्हीच वर तसं लिहिलंय.

उत्तर २: शेवटचा बाक

कॅमेरा सक्तीचा करू नका, ही हात जोडून विनंती.

मी अडखळत बोलतो, लहानपणापासून. वर्गात माझ्या शिक्षकांचं माझ्यावर प्रेम होतं, खरंच होतं. त्या प्रेमापोटीच ते मला प्रश्न विचारायचे नाहीत. "त्याला राहू दे" म्हणून पुढच्याकडे वळायचे. दहा वर्षं मी "राहू दे" होतो. नातं होतं, ओळखही होती, पण त्यांची ओळख माझ्या अडखळण्याशी होती. पहिल्यांदा एका ऑनलाइन अभ्यासक्रमात लिहून उत्तरं द्यायला मिळाली, तेव्हा शिकवणाऱ्या मॅडमनी मला सगळ्यात अवघड प्रश्न टाकला. त्यांना माझ्याबद्दल काहीच माहीत नव्हतं म्हणून. त्या दिवशी मला रात्रभर झोप आली नाही.

रोझेनथाल आणि जेकबसन यांचा अमेरिकेतल्या एका शाळेतला, १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग इथल्या शिक्षकांना माहीत असेल. काही मुलं यंदा झपाट्याने पुढे जातील असं शिक्षकांना सांगितलं होतं. प्रत्यक्षात ती नावं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडलेली होती. तरी लहान इयत्तांमधल्या त्या मुलांची प्रगती जास्त दिसली. परिणाम नेमका किती मोठा, यावर नंतर पुष्कळ वाद झाले. पण शिक्षकाच्या मनातलं आपल्याबद्दलचं मत मुलापर्यंत पोचतं, हे मी माझ्या अंगावर भोगलंय. म्हणून नात्याबद्दल बोलताना ते कसलं नातं, हेही बघा. तुमची ती मुलगी पाच महिने चॅटमध्ये पहिलं उत्तर देत होती. ते तिचं बोलणंच होतं हो.

उत्तर ३: भौतिकीचा मास्तर

मीही दोन्हीकडे शिकवतो. दोन गोष्टी सांगतो.

पहिली, थांबणं. मेरी बड रो या अमेरिकी शिक्षणसंशोधकांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम १ सेकंद थांबतात. तेच ३ सेकंद थांबले तर उत्तरं लांब होतात, "माहीत नाही" कमी होतं, आणि एरवी गप्प असणारी मुलं बोलू लागतात. ऑनलाइन तासाला ३ सेकंदही पुरत नाहीत. समोरासमोर बोलताना एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सेकंदाचा साधारण पाचवा हिस्सा लागतो; १० भाषांच्या २००९ मधल्या अभ्यासात हा ताल थोड्याफार फरकाने सगळीकडे सापडला. नेटवर्कच्या विलंबाने नेमका तोच ताल मोडतो. त्यात मुलाला म्यूट काढायचं, कुणी आधी बोलत नाही ना ते बघायचं, मग धीर करायचा. मी प्रश्न टाकून मनात १० अंक मोजतो. सुरुवातीला ती शांतता खायला उठायची. आता सातव्या-आठव्या अंकाला कुणीतरी बोलतंच.

कॅमेऱ्याचं म्हणाल तर तो चालू असूनही नजरानजर होत नाही. आपण मुलाच्या डोळ्यांकडे बघतो तेव्हा त्याला आपण खाली बघताना दिसतो, कारण कॅमेरा पडद्याच्या वर. तेव्हा त्यासाठी भांडू नका.

दुसरी, कच्चं काम. मी गृहपाठाची स्वच्छ प्रत मागतच नाही. आठवड्यातून एकदा कच्च्या वहीच्या एका पानाचा फोटो, खाडाखोडीसकट, फक्त मला. उत्तर मी आवाजात देतो, ४० सेकंद. आधी नाव घ्यायचं, मग त्या पानावरच्या एका ओळीबद्दल बोलायचं. "छान, प्रयत्न कर" असलं काही नाही. २०१४ मध्ये मानसशास्त्रज्ञ डेव्हिड येगर आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. निबंधावरच्या शेऱ्यांसोबत एका गटाला चिठ्ठी दिली: माझ्या अपेक्षा मोठ्या आहेत आणि तू तिथवर पोचशील याची मला खात्री आहे, म्हणून हे शेरे. अमेरिकेतल्या सातवीच्या कृष्णवर्णीय मुलांपैकी निबंध सुधारून परत देणाऱ्यांचं प्रमाण त्यामुळे १७ टक्क्यांवरून ७२ टक्क्यांवर गेलं. मुलं थोडी होती, पण कडक शेरा आणि विश्वास एकत्र दिला की काय होतं ते मी माझ्या बॅचमध्येही बघतोय.

उत्तर ४: दोन पोरांची आई

३४ मुलांना आवाजात उत्तर? वेळ कुठून काढायचा मॅडमनी?

भौतिकीचा मास्तर

३४ गुणिले ४० सेकंद म्हणजे २३ मिनिटं. फोटो बघायचा वेळ वेगळा, तो धरून दीड तास. रोज सात-सात जण घेतले की आठवड्यात सगळे होतात. गृहपाठाचे ३४ गठ्ठे तपासण्यापेक्षा कमीच लागतो.

गणितवाली, बारा दिवसांनी

सगळ्यांना धन्यवाद. शेवटचा बाक, तुमचं लिहिणं मी दोन-तीनदा वाचलं. वर्गातल्या कुणाकुणाला मी "राहू दे" म्हणते त्यांची नावं काढली. चार निघाली. त्या चौघांना आता रोज विचारते.

कॅमेऱ्याचा विषय सोडून दिला. मास्तरांनी सांगितलं तसं कच्च्या पानाचे फोटो मागवले. पहिल्या दिवशी ११ आले. त्या मुलीचा दुसऱ्या दिवशी, रात्री उशिरा.

पान बरंच मोकळं होतं. वर्गसमीकरण पूर्ण वर्ग पद्धतीने सोडवायला घेतलेलं, आणि "क्षच्या सहगुणकाच्या निम्म्याचा वर्ग मिळवू" या ओळीसमोर पेन्सिलने प्रश्नचिन्ह. ते प्रश्नचिन्ह गिरवून गिरवून जाड केलेलं. हा भाग मी घेतला त्याच आठवड्यात तिची उत्तरं थांबली होती. घरचं काही असेल, तब्येत असेल, काय काय मनात आणलं होतं मी. ती निम्म्यापाशी अडली होती. आणि पहिलं उत्तर नेहमी आपलं असतं म्हटल्यावर ते विचारायचं कसं, हे तिला कळेना.

मी नाव घेऊन बोलले. "तुझं प्रश्नचिन्ह बरोबर जागी आहे. तिथे काय विचारायचंय ते मला तुझ्या शब्दांत सांग." अर्ध्या तासाने तिचा आवाज आला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ऐकला. "मॅडम, निम्मंच का? सगळं का नाही?"

मग मी कागदावर काढलं. क्ष बाजूचा चौरस. ६क्ष म्हणजे त्याला चिकटलेली ६ रुंदीची पट्टी. ती पट्टी उभी कापायची, ३ आणि ३. एक तुकडा चौरसाच्या उजवीकडे लावायचा, दुसरा खाली. आता मोठा चौरस होत आला, फक्त कोपऱ्यात ३ बाय ३ ची जागा रिकामी. तेच ते ९. सगळी पट्टी एकाच बाजूला ठेवली तर चौरस होणारच नाही, म्हणून निम्मं. फोटो काढून पाठवला.

सकाळी तिचं चित्र आलं, पट्टीने आखलेलं, कोपरा निळ्या पेनने रंगवलेला. खाली लिहिलंय: सहगुणक ५ असेल तर अडीच अडीच कापायचं का, आणि वजा असेल तर पट्टी कुठून काढायची?

आज संध्याकाळी सगळ्या बॅचला तेच घेतेय, तिला विचारून.