कांदोंब्लेच्या गाण्यात मोठा ढोल ठेका का धरत नाही?

पथकवाला_पुणे:
मंडळी, मी नऊ वर्षं ढोल-ताशा पथकात वाजवतोय. परवा ब्राझीलच्या बाहिया राज्यातल्या कांदोंब्लेचा, म्हणजे आफ्रिकेतून नेलेल्या गुलामांच्या परंपरेतून आलेल्या धर्माचा, व्हिडिओ बघितला, येमांजा म्हणून समुद्राची देवी आहे, तिची गाणी चालू होती आणि मागे तीन उभे ढोल. आपल्याकडे ढोल ठेका धरतो आणि ताशा त्यावर फिरतो, इथे बरोबर उलटं, दोन छोटे ढोल आणि लोखंडी घंटा चाल सोडत नाहीत आणि सगळ्यात मोठा मधेच थांबतो, मधेच तुटून पडतो. आधी वाटलं चुकतोय, तिसऱ्यांदा ऐकल्यावर वाटलं की हा कुणाशीतरी बोलतोय. कुणाशी?

साओपावलोकर:
नाचणाऱ्या बाईशी, म्हणजे तिच्या अंगात आलेल्या देवीशी! मोठ्या ढोलाला रुम लिहितात, म्हणतात हुम. मधला रुम्पी, छोटा ले. हुम वाजवणारा अलाबे, सगळ्यांचा म्होरक्या. बाहियाची राजधानी साल्वादोर, तिथे कांदोंब्लेच्या एका देवस्थानात मी भिंतीला टेकून बघत होतो, येमांजा आलेल्या बाईच्या चेहऱ्यावर मण्यांची झालर, हातात चांदीसारखा आरशाचा गोल पंखा, हुमने ठोका तोडला की तिचं पाऊल बदलायचं आणि खांदे लाटेसारखे हलायचे. कांदोंब्लेच्या केतू नावाच्या परंपरेत छोटे दोन ढोल बारीक काठ्यांनी वाजवतात, हुम एका काठीने आणि एका हाताने, अंगोला नावाच्या दुसऱ्या परंपरेत सगळं हातानेच. आणि ढोलांनाही विधी करून नैवेद्य दाखवलेला असतो, त्यामुळे कुणीही उठून हात लावायचा नाही.

रेवदंड्याची:
ही देवी मुळात समुद्राची नव्हतीच. नायजेरियातल्या योरुबा लोकांची येमोजा, ओगुन नदीची, नावाचा अर्थ जिची लेकरं मासे आहेत ती आई. गुलाम करून जहाजात कोंबून आणलेल्या माणसांनी तिला ब्राझीलमध्ये समुद्र दिला, मला हे वाचून फार भरून आलं. साल्वादोरच्या रिओ व्हर्मेल्योला २ फेब्रुवारीला टोपल्या भरून फुलं, अत्तर, कंगवे होडीतून तिला नेतात, ही प्रथा कोळ्यांनी सुरू केली. आणि ज्या ढोलांबद्दल आपण बोलतोय ते वाजवायला बाहियात १९७६ पर्यंत पोलिसांची परवानगी लागायची!

साओपावलोकर:
अगदी बरोबर. अजून एक, इजेशा नावाचा ताल नक्की ऐक, तो केतूवालेसुद्धा काठीने नाही, हातानेच वाजवतात. गांधीजींच्या हत्येच्या पुढच्या वर्षी, १९४९ ला, साल्वादोरच्या गोदी कामगारांनी कार्निव्हलसाठी फिल्योस दे गांधी, म्हणजे गांधींची लेकरं, असा ताफा काढला, पांढरे फेटे बांधून हाच ताल रस्त्यावर वाजवत जातात, अजूनही.

पथकवाला_पुणे:
मनापासून आभार दोघांचे. आत्ता परत लावला व्हिडिओ. मी इतका वेळ त्याच्या हातांकडे बघत होतो, तो अलाबे स्वतः हातांकडे एकदाही बघत नाही, पूर्ण वेळ नजर बाईच्या पायांवर.