मोठ्या तुकड्यांचे पेपर दोघं तपासायलोत, मार्कांत फरक पडायलाय. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, परभणी जिल्ह्यात ज्युनिअर कॉलेजला इतिहास शिकवतो. बारावीच्या तुकड्या भरगच्च, अन् तपासणारे आम्ही दोघंच, मी आणि आमच्या मॅडम. सहामाहीत एकाच तोडीच्या उत्तराला एकीकडं पाचपैकी चार अन् दुसरीकडं अडीच पडलेत. लेकरं दोन पेपर शेजारी ठेवून विचारायलेत, सर माझं काय चुकलं, अन् त्यांचं बरोबरच आहे.

प्रश्न होता, हैदराबाद संस्थानात पोलीस कारवाई का करावी लागली. एका पोरीचं दोन पानी उत्तर, सुंदर अक्षर, अधोरेखनं, पण रझाकारांचं, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र संघटनेचं, नावच नाही अन् निजामाची शरणागती चुकून 15 ऑगस्ट 1948 ला. तिला चार. तांड्यावरून येणाऱ्या एका पोराचं अर्धं पान, अक्षर गिचमिड, भाषा घरातली, "रझाकार गावं लुटायलते मनून सरकारनं फौज धाडली" अशी, पण त्यात निजाम अन् भारत सरकारातला नोव्हेंबर 1947 चा जैसे थे करार आहे, रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी आहे, मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ आहेत, 13 ते 17 सप्टेंबर 1948 च्या तारखा बरोबर आहेत. त्याला अडीच! मॅडमचं म्हणणं, बोर्डात परीक्षक भाषा बघणारच, तर आत्ताच सवय लागू द्या. त्यात तथ्य आहे, पण मला वाटतं इतिहासाच्या पेपरात इतिहासाचे मार्क आधी, भाषेला द्यायचाच तर वेगळा एखादा, अन् तो आधी लेकरांना सांगून.

आता मुद्देनिहाय नमुना उत्तर केलंय, नाव झाकतो, अन् एकच प्रश्न सगळ्या गठ्ठ्यात सलग तपासतो मग दुसरा घेतो. याने बराच फरक पडला. तरी रात्री उशिरा हात सैल पडतो का आखडतो हे कळत नाही, म्हणून शेवटचे काही पेपर सकाळी परत बघायची पद्धत कुणी पाळतं का?

अन् मुख्य अडचण, दोघांत दीड मार्काचा फरक आला की काय करायचं? स्टाफरूममध्ये म्हणतात सरासरी काढा. मला ते पटत नाही, ज्याचं चुकलं त्याची अर्धी चूक लेकराच्या माथी राहतेच की. आधी दहा-वीस पेपर दोघांनी वेगवेगळे तपासून, फरक कुठं पडला ते बोलून मग गठ्ठे वाटून घ्यावेत असं डोक्यात आहे. कुणी केलंय का असं? अन् नमुन्यात नसलेला पण बरोबर मुद्दा, जसं आजोबांनी सांगितलेली संस्थानाच्या सरहद्दीवरच्या मुक्तिसंग्रामाच्या कॅम्पची हकिकत, त्याला मार्क कसे देता? पाच मार्कांच्या प्रश्नाचा तुमचा तक्ता असेल तर फोटो टाका प्लीज, निकाल लागायच्या आत सगळे पेपर परत बघायचेत.