सिरोंच्याची ऑर्डर आली आहे. सगळ्यांनी जावं की मी एकटीनेच?

वर्ध्याची_सिस्टर
नमस्कार मंडळी. सरळसेवेतून अधिपरिचारिका म्हणून निवड झाली आणि पोस्टिंग निघालं सिरोंचा, ग्रामीण रुग्णालय. हजर व्हायला महिन्याची मुदत आहे. खासगीत राबून राबून आता कुठे सरकारी लागली, त्यामुळे ती सोडायची नाही हे पक्कं.

मिस्टरांचं टॅली आणि जीएसटीचं काम, लॅपटॉपवर कुठूनही होतं. मुलगी जूनमध्ये चौथीत जाईल. सासूबाई ६८ च्या, शुगर आणि बीपी, दर तीन महिन्यांनी सेवाग्रामला तपासणी. मिस्टर म्हणतात सगळेच जाऊ. माझे बाबा म्हणतात, "गडचिरोली ऐकूनच घास उतरत नाही, तू एकटी जा, तीन वर्षं काढ आणि बदली माग." मी नकाशा काढून बसले तर नागपूरपेक्षा हैदराबाद जवळ दिसून राहिलं! तिथे राहिलेलं कोणी आहे का? ऐकीव नको, राहिलेल्यांनीच सांगा.

बदलीवाले_गुरुजी
ताई, आधी अभिनंदन. त्या तालुक्यात मी जिल्हा परिषद शाळेवर बरीच वर्षं काढली, बायको-पोरांसकट.

नकाशात तुम्हाला दिसलं ते बरोबर आहे आणि निम्मं उत्तर तिथेच आहे. जिल्ह्याचं ठिकाण दोनशे किलोमीटरच्या वर. गडचिरोलीला कागद जातात, माणसं जातात तेलंगणातल्या मंचेरियालला. कपडे, चष्मा, दाताचा डॉक्टर, रेल्वे, सगळं तिकडे. गोदावरीवरचा पूल २०१६ च्या अखेरीस सुरू झाला, मग प्राणहितेवरचाही झाला. त्याआधी नावेचा कारभार होता. तुम्ही सेवाग्रामला गाडीत बसा, बल्लारशावरून मंचेरियालला उतरा, पुढे चेन्नूरमार्गे रस्त्याने या. आलापल्ली ते सिरोंचा हा ३५३ सी महामार्ग माझ्या वेळी नावापुरताच महामार्ग होता. पाऊस लागला की वाटेतले नाले तासन् तास अडवायचे. पहिल्यांदा येताना तरी त्या रस्त्याने येऊ नका, उगाच मन खट्टू होईल.

मुलीची काळजी सोडा. शाळा मराठी माध्यमाची आहे, पण मैदानावर तेलुगू चालते. दिवाळीपर्यंत ती तेलुगूत भांडायला लागेल, आमच्या पोराचं तेच झालं. पाचवीत असताना तिला नवोदयच्या परीक्षेला बसवा, गडचिरोली जिल्ह्याचं नवोदय घोटला आहे. आठवीनंतर मात्र पुन्हा विचार करावा लागतो.

खरा प्रश्न सासूबाईंचा, आणि तोही गोळ्यांचा नाही. बीपी-शुगरच्या गोळ्या मिळतात, सून तर घरचीच सिस्टर. रात्री काही मोठं झालं तर मंचेरियाल, नाहीतर करीमनगर किंवा वरंगल, एवढं मनात धरून ठेवा. तिकडच्या दवाखान्यात आपली महात्मा फुले योजना चालेल असं गृहीत धरू नका. पण माझी आई एका उन्हाळ्यातच परत गेली ती तब्येतीपायी नाही. संध्याकाळी ओट्यावर बसायची. शेजारच्या बायका यायच्या, हसायच्या, "जेवण झालं का" इतकं मराठी बोलायच्या आणि पुढे दोन्हीकडून शब्द संपायचे. एकीने लोणच्याची बरणी आणून दिली, आईने तिळाचे लाडू दिले. त्या दोघी रोज एकमेकींजवळ बसत, पण नातेवाइकांची उणीदुणी काढल्याशिवाय म्हाताऱ्या माणसाचा दिवस जात नाही हो.

म्हणून माझं मत असं: तुम्ही तिघं जा. वर्ध्याला दीर-नणंद कोणी असेल तर सासूबाईंना तिथे ठेवा, दिवाळीनंतर आणा आणि मे लागायच्या आत परत पाठवा. तिथला मे त्यांनाच काय, आपल्यालाही सोसत नाही.

पगारात एकस्तर (म्हणजे एक पायरी वरची वेतनश्रेणी) मिळतं का ते हजर होतानाच आस्थापनेला विचारा. ६ ऑगस्ट २००२ चा शासन निर्णय आहे, प्रत जवळ ठेवा. तीन वर्षांनी पसंतीची बदली त्यातच लिहिली आहे. आमच्यातल्या काहींना चौथ्या वर्षीही सोडलं नव्हतं, तेव्हा बाबांचा हिशेब अगदी पक्का धरू नका.

रात्रपाळी
गुरुजींचं ऐका, पण मी सिस्टर आहे म्हणून एक वेगळं सांगते. मी अशाच दूरच्या तालुक्यात होते (सिरोंचा नाही). आधी एकटीच जा. आवारात क्वार्टर मिळतं की नाही, त्यावर सगळं ठरतं. बाहेर खोली घ्यावी लागली तर रात्री सर्पदंश नाहीतर डिलिव्हरी आली की निरोप येणार, आणि अंधारात चालत जाणार तुम्ही. चावी हातात आल्याशिवाय मुलीचा दाखला काढू नका.

आणि मिस्टरांना विचारा, २० तारखेला रिटर्न भरायचं आहे आणि वादळाने वीज गेली तर काय? इन्व्हर्टर वर्ध्याहूनच न्या. दोन वेगळ्या कंपन्यांची सिमही.

सिरोंचावाला
ताई, बाबांना सांगा, निवांत जेवून घ्या. आम्ही इथेच जन्मलो, अजून शाबूत आहोत.

घरात तेलुगू, शाळेत मराठी, असे आम्ही लोक. तुम्हाला "अक्का" म्हणतील. पहिल्या आठवड्यात दुखणं कुठे, ताप कधीपासून, एवढं तेलुगू कोणाकडून तरी शिकून घ्या, पेशंटचा चेहराच बदलतो. शिक्षेवर आल्यासारखे येणारे इथे पुष्कळ पाहिले. ते बदलीचा अर्ज खिशात घेऊनच फिरतात आणि ते पेशंटलाही कळतं.

बाहेर घर घ्यायचंच झालं तर भाडं नंतर विचारा, आधी "२०२२ च्या जुलैत पाणी कुठवर आलं होतं?" हे विचारा. घरमालक सांगणार नाही, शेजारी सांगेल. नदीकडची स्वस्त खोली घेऊ नका. जानेवारी-फेब्रुवारीत तेलंगणातल्या मेडारमची जत्रा असली (एक वर्षाआड असते) की अर्धं गाव सम्मक्का-सारक्का देवींना गूळ वाहायला जातं. त्या आठवड्यात सामान हलवायला माणूस मिळणार नाही.

वर्ध्याची_सिस्टर
सगळ्यांचे आभार. नणंद हिंगणघाटला आहे, सासूबाई तिच्याकडे राहायला तयार झाल्या. उलट मलाच म्हणाल्या, "मला विचारलं कोणी होतं का आधी?" मी पुढच्या आठवड्यात एकटी हजर होते, क्वार्टरचं बघते, मग हे दोघं जूनमध्ये. गुरुजी, सामानाचा टेम्पोही चेन्नूरमार्गेच आणायचा का?

बदलीवाले_गुरुजी
त्याला नॅशनल परमिट आहे का ते आधी विचारा. नसेल तर तेलंगणात अडवतील. मग आलापल्लीवरूनच, आणि पावसाआधी.