नववीत गळणारी पोरं सहावीतच दिसतात, मग वाट कशाची बघतो?

पूर्वभागकर
दहावीचा निकाल लागला की सोलापुरात चौकाचौकात शंभर टक्क्यांचे फ्लेक्स. शंभर टक्के कुणाचे? जे परीक्षेला बसले त्यांचे! नववीत नापास करून दाखला हातात दिलेली पोरं त्या हिशेबात नसतातच. आठवीपर्यंत ढकलत आणायचं आणि नववीत आपटायचं.
शिकागोत २००५ साली एक अभ्यास झाला. तिथं नववी हे हायस्कूलचं पहिलं वर्ष. त्या वर्षी जे विद्यार्थी रुळावर राहिले, म्हणजे पुरेसे विषय पास झाले, त्यांची हायस्कूल वेळेत पूर्ण करायची शक्यता बाकीच्यांच्या साडेतीन पट निघाली. म्हणजे गळती आधी कळते. आपण सहावीतच हजेरी, वाचन आणि भागाकार बघावा, आणि तिथंच हात द्यावा.

गणिताचे_सर
बघा म्हणायला काय जातंय? हजेरी रोज भरतो की. त्यावर ऑनलाइन माहिती, सर्वेक्षण, निवडणुकीचं काम. शिवाय २०२३-२४ पासून पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा परत आलीय, कच्चं पोरगं तिथं कळतंच.

पूर्वभागकर
सर, परीक्षा एप्रिलमध्ये सांगते. खाडे ऑगस्टमध्ये सांगतात.

पान_तंबाखू
दोघंही मार्कांत अडकलाय. मला भागाकार येत होता, हजेरी पूर्ण होती, वर्गात पहिल्या पाचांत होते. सकाळी शाळा, दुपारी आईजवळ बसून पत्र्याच्या मापानं विडीचं पान कापायचं. वडिलांचा यंत्रमाग बंद पडला आणि नववीतच शाळा सुटली. तुमच्या कुठल्या यादीत माझं नाव आलं असतं? पुढं १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी केली, ती गोष्ट वेगळी.

पूर्वभागकर
ताई, मान्य, यादीत नसता आला. पण म्हणून जे दिसतात त्यांनाही सोडायचं?

पान_तंबाखू
सोडा म्हणाले का मी? फी, वह्या, बसचा पास, आईच्या मजुरीत पडणारा खड्डा, याची सोय आधी करा. जादा तास घेताय तो नेमका पान कापायच्या वेळेला.

गणिताचे_सर
हे खरंय. चार वाजता थांब म्हटलं की निम्मी पोरं दप्तर उचलून पसार.

चादरवाला
सहावी म्हणजे उशीरच बे! आमच्याकडं घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, शाळेत मराठी. पहिलीत पोरगं गप्प बसलं की बाई म्हणतात 'मंद आहे'. तो शिक्का चौथीपर्यंत पुसत नाही. तुमची सहावीची यादी म्हणजे त्याच शिक्क्यावर पक्की शाई. कच्च्यांचा वेगळा बाक आम्ही बघितलाय, त्यावर बसलेला पुढच्या बाकावर आलेला नाही बघितला.

पूर्वभागकर
यादी भिंतीवर लावा कोण म्हणतंय? सरांच्या वहीत राहू द्या. सलग तीन दिवस पोरगं आलं नाही तर घरी एक फोन, एवढंच मागतोय. पहिलीपासून करा, माझी ना नाही.

गणिताचे_सर
फोन करतो हो. निम्मे नंबर बंद असतात. वर्गात दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्यांची पोरं आहेत, ती कुठल्या फडावर आहेत हे शेजाऱ्यालाही माहीत नसतं. तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड दिलं, तरी तिथं ते दाखवतंय कोण? त्यांच्यासाठी काय, ते सांगा आधी.