कॅन्सरच्या रुग्णाने दिव्यांग प्रमाणपत्राच्या मागे लागावं का?

मुक्ता (धागाकर्ती)
कॅन्सरचं निदान झालं की 'यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढून घ्या' हा सल्ला सर्रास दिला जातो. माझं मत: उपचार चालू असताना अंगातली उरलीसुरली ताकद त्यात घालवू नये. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यांत कॅन्सर नाही. थॅलेसेमिया आहे, हिमोफिलिया आहे, सिकलसेल आहे, पण रक्ताचा कॅन्सर नाही. नुसती बायोप्सी आणि केमोची फाईल घेऊन बोर्डासमोर, म्हणजे दिव्यांगत्वाचे टक्के ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळासमोर, गेलं की हात हलवत परत यावं लागतं.

महाराष्ट्रात सरळ रस्ता वेगळा आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दुर्धर आजारामुळे कमावू न शकणाऱ्यांच्या यादीत कर्करोग नावानिशी आहे. वय 18 ते 65, राज्यात 15 वर्षं वास्तव्य, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत. शासकीय रुग्णालयाचा आजाराचा दाखला, उत्पन्नाचा आणि रहिवासी दाखला, वयाचा पुरावा, रेशनकार्ड, आधार, पासबुक एवढं घेऊन तहसील कार्यालयात अर्ज. महिना 1,500 रुपये.

वाटसरू
मुक्ताताई, खरी अडचण तुम्ही एका ओळीत उरकलीत. वर्षाला 21,000 म्हणजे महिन्याला 1,750. रोजंदारीवरचं घरसुद्धा या आकड्यात बसत नाही, आणि दाखल्यावर रक्कम जास्त पडली की अर्ज तिथेच संपला. दिव्यांगांसाठी याच योजनेत मर्यादा 50,000 आहे आणि ऑक्टोबर 2025 पासून अनुदान 2,500. म्हणजे 40 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र हातात असेल तर तोच रुग्ण पात्र ठरतो.

बोर्ड आजार मोजत नाही, शरीराचं काय गेलं ते मोजतं. स्वरयंत्र काढलं असेल तर ती शस्त्रक्रिया कायद्याच्या परिशिष्टातच वाणीदोषाखाली नमूद आहे. हाडाच्या कॅन्सरमध्ये पाय कापावा लागला, मणक्यात गाठ पसरून पाय लुळे पडले, तर अस्थिव्यंग. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर हात वर जात नसेल तर खांद्याची हालचाल अंशांत मोजलेला फिजिओथेरपिस्टचा रिपोर्ट न्या. डिस्चार्ज कार्डावर फक्त 'ऑपरेशन झाले' एवढंच असेल तर बोर्डाला टक्के काढायला काहीच हाती लागत नाही. काय काढलं, किती काढलं, आता काय जमत नाही हे सर्जनकडून लिहून घ्या.

रेवती
वाटसरू म्हणतात ते अवयव गेला असेल तर चालतं. औषधाने झालेलं नुकसान मात्र या मापात मावत नाही. सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाचं उदाहरण घ्या. त्याने दोन्ही कानांची श्रवणशक्ती जाऊ शकते आणि सहसा ती परत येत नाही. पण नुकसान वरच्या पट्टीतल्या आवाजांपासून सुरू होतं. बोर्ड सरासरी काढतं 500, 1000, 2000 आणि 4000 हर्ट्झची. कायद्याने 'कमी ऐकू येणे' धरायला दोन्ही कानांत 60 डेसिबलची घट लागते. गर्दीत समोरच्याचं बोलणं कळत नाही, तरी कागदावर माणूस धडधाकट. केमोने तळपाय बधिर होतात, हातातून वस्तू निसटतात, त्याचंही तेच.

सह्यकडा
म्हणूनच कॅन्सर यादीत घ्यायला हवा, ही मागणी मला रास्त वाटते. परिशिष्टात शेवटी 'केंद्र सरकार अधिसूचित करील असा अन्य प्रकार' अशी सोय आहे, संसदेत कायदा बदलायचीही गरज नाही. डोळ्याच्या कॅन्सरमध्ये लहान मुलाचा एक डोळा काढला आणि दुसरा चांगला असेल तर 30 टक्के मिळतात. 40 टक्क्यांची रेघ गाठत नाही, लाभ शून्य!

मुक्ता
मागणी करा, माझी सही आहे. पण सरसकट कॅन्सर घेतला तर पहिल्या टप्प्यात बरा झालेला आणि नळीने जेवणारा, दोघे एकाच रांगेत येतील. मला ते पटत नाही.

सह्यकडा
रांग एक असली तरी टक्के वेगळे लावता येतात. थॅलेसेमियाला लावतातच ना?

वाटसरू
ज्यांना आज अर्ज करायचाय त्यांच्यासाठी. स्वावलंबन पोर्टलवर (यूडीआयडीची सरकारी वेबसाइट) अर्ज करताना दिव्यांगत्वाच्या प्रकारात आजार शोधत बसू नका. अस्थिव्यंग, वाणी, श्रवण, दृष्टी यांतलं जे लागू असेल ते निवडा. एकाहून जास्त असतील तर सगळे टाका, एकत्रित टक्के निघतात. आधार आणि रिपोर्टवरचं नाव एकच असू द्या. सुधारणेची शक्यता असेल तर प्रमाणपत्र मुदतीचं मिळतं. तेही घ्या आणि मुदत संपण्याआधी फेरतपासणी मागा. टक्के चुकीचे वाटले तर 90 दिवसांत अपील. आणि सरकारी नोकरीत असाल तर घाईने राजीनामा देऊ नका. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर याच कायद्याच्या कलम 20 प्रमाणे नोकरीवरून कमी करता येत नाही. जमेल असं दुसरं पद, तेही नसेल तर अधिसंख्य (मंजूर पदांपेक्षा जादा) पद द्यावं लागतं.

रेवती
रेल्वे सवलतीला मात्र यातलं काहीच लागत नाही. उपचाराला जाता-येताना स्लीपर आणि थर्ड एसीत रुग्णाला पूर्ण माफी, सोबत्याला 75 टक्के. रुग्णालयाकडून ठरलेल्या नमुन्यात दाखला घ्यायचा.

मुक्ता
हे पहिल्याच दिवशी करा. निराधारचा अर्जही लगेच, उत्पन्न बसत असेल तर. बोर्डाबद्दल माझं मत अजून तेच आहे: टाके भरून निघाले, रेडिएशन संपलं, हालचाल किती उरली हे स्थिर झालं की मग जा.

वाटसरू
पाय कापलाय तर वाट कशाची बघायची, ताई?

मुक्ता
तिथे नाही. तिथे लगेच.