मदत हवी आहे: 'मॅच' हा एक शब्द की दोन?

नमस्कार मंडळी, परवा भाचीला घेऊन नागपूरला सीताबर्डीत मॅचिंग सेंटरवर गेले होते, साडीच्या काठाला अस्तराचं कापड लावून दुकानाबाहेर उन्हात धरून बघत होते (आतल्या ट्यूबलाइटमध्ये सगळेच रंग जुळतात बाप्पा!) तर ही पोरगी विचारते, मामी, हे मॅचिंग, जामठ्याच्या स्टेडियमवर होते ती क्रिकेटची मॅच अन् काडीवाली मॅचस्टिक, सगळं एकच का? मी म्हटलं काहून नाही. घरी येऊन डिक्शनरी काढली तर फजितीच झाली.

जुळणारं अन् सामना हे दोन्ही अर्थ जुन्या इंग्रजीतल्या जोडीदार, बरोबरीचा अशा अर्थाच्या शब्दातून आले म्हणे, ते पटलं. पण काडीवाला मॅच वेगळाच, जुन्या फ्रेंचमधून आलेला, मूळ अर्थ वात! आधी तोडेदार बंदुकीचा पेटता तोडा (बार उडवायची जळती दोरी) म्हणजे मॅच होता, घासून पेटणारी काडी इंग्लंडमधल्या जॉन वॉकर नावाच्या औषधविक्याने विकायला काढली ती 1827 मध्ये.

आता मदत अशी हवी आहे की आपलं 'माचिस' हे मॅचेस या अनेकवचनावरूनच आलं ना, मग ते हिंदीतून आपल्याकडे आलं की सरळ इंग्रजीतून? आमची आजी आगपेटीच म्हणायची. अन् मूळ वेगळं पण रूप सेम असे अजून इंग्रजी शब्द सांगा ना जी, भाचीला सोमवारी वर्गात बोलायचं आहे, सातवीत आहे, त्या हिशोबाने सोपे सांगा.